काउंटर सोडून उठायचं कसं?

सांगलीतल्या ४३ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आहे. एका पतसंस्थेत गेली १६ वर्षं त्या काउंटरवर बसतात. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेसहा पासबुकं, व्हाउचरं, रोख, आणि शेवटी पिग्मी एजंटांचा (खातेदारांकडून रोजची छोटी बचत गोळा करणाऱ्यांचा) भरणा घेऊन दिवसअखेर मिळवायची. वर्षभरापासून दुपारी चारनंतर मान आणि पाठीचा वरचा भाग भरून येतो, उजवा खांदा ठणकतो, आणि खुर्चीतून उठल्यावर पहिली चार पावलं वाकूनच टाकावी लागतात. एक्स-रे काढला, तेव्हा ‘मणक्यात थोडी झीज आहे’ असं कळलं. आठवड्यातून दोन-तीनदा मेडिकलमधून आणलेली गोळी घेतात, दिवसभर कमरेला पट्टा लावतात. रोज पहाटे आमराईत पाऊण तास चालतात, घरचं सगळं कामही करतात. ‘मग माझी हालचाल कमी कशी म्हणायची?’ असं त्या विचारतात. उंची पाच फूट, चष्मा दुहेरी भिंगाचा. कीबोर्ड टेबलाखालच्या सरकत्या फळीवर, माऊस वर टेबलावर. एक व्हिडिओ बघून मॉनिटर दोन जाड खतावण्यांवर चढवला, तर मान जास्तच दुखायला लागली. मिस्टर म्हणतात, १८ हजारांची चांगली खुर्ची आपल्या पैशाने घेऊन टाक. सासूबाई म्हणतात, नोकरी सोड. मॅनेजर म्हणतात, बसून तर काम आहे, दुखतं कसं? ‘मधे मधे उठावंसं वाटतं, पण काउंटर सोडून उठलं की बरं दिसत नाही. खुर्ची घेऊ, नोकरी सोडू, की वय झालं म्हणून सोसू?’

ताई,

खुर्ची, पट्टा, गोळी, एक्स-रे या सगळ्याबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंत. ‘काउंटर सोडून उठलं की बरं दिसत नाही’ हे मात्र जाता जाता लिहिलंत. तुमच्या दुखण्याचा मोठा हिस्सा याच वाक्यात आहे असं मला वाटतं, त्यामुळे या उत्तराचा बराचसा भर तिथेच राहील.

आधी पहाटेच्या चालण्याबद्दल, कारण ते वाया जातंय अशी शंका तुमच्या पत्रात डोकावते. ते वाया जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम सांगितला आहे. तुम्ही रोज पाऊण तास चालता, म्हणजे त्या हिशेबात पुरेपूर बसता. हृदय, रक्तदाब, साखर, झोप, सगळ्याला त्याचा फायदा आहे. पण त्याच मार्गदर्शनात आणखी दोन गोष्टी आहेत, ज्यांच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. एक, बसून राहण्याचा वेळ कमी करा. दोन, आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम द्या. पहाटे सहाला चालून आलात आणि दहा ते दोन मान एकाच कोनात राहिली, तर त्या चार तासांचा हिशेब मान वेगळाच मांडते. द्राक्षबागेला आठवड्याचं पाणी सोमवारी एकदम सोडून कुणी मोकळं होत नाही, म्हणून तर तासगावकडे बागाबागांत ठिबक आलं. हालचालही अंगाला अशीच, थोडी थोडी आणि दिवसभर लागते. संध्याकाळचा स्वयंपाक, धुणं-भांडी ही हालचाल खरीच आहे, कष्टाचीही आहे. पण ती दिवसाच्या शेवटच्या टोकाला येते, आणि तोवर पाठ आंबून गेलेली असते.

बसल्यावर आत काय होतं ते कळलं, तर पुढचे उपाय लक्षात राहतील. डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो. ते खांद्यांच्या बरोबर वर असतं तोवर मणके भार पेलतात. स्क्रीनकडे ते दोन-तीन इंच पुढे सरकलं की मानेमागच्या स्नायूंना ते धरून ठेवावं लागतं. पाण्याने भरलेला तांब्या हात लांब करून धरून बघा. वजन फारसं नाही, तरी दोन मिनिटांत दंड थरथरायला लागतो. मानेचं काम असंच हलकं, पण बिनसुट्टीचं. आकसून राहिलेल्या स्नायूत रक्ताची ये-जा मंदावते आणि तो ठणकायला लागतो. कमरेच्या मणक्यांमधल्या चकत्यांना तर मोठेपणी थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. दाब पडला की त्यांच्यातलं पाणी बाहेर जातं, दाब सुटला की आत येतं, आणि या ये-जेवर त्यांचं पोषण चालतं. तासन्‌तास एकच दाब राहिला की ती ये-जा अडते. शिवाय बसल्यावर जांघेपाशी मांडी वर उचलणारे स्नायू आखूड होऊन राहतात. उठल्यावर त्यांना लांब व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिली चार पावलं वाकलेली. पाचव्या-सहाव्या पावलाला कंबर सरळ होत असेल, तर बहुतेक वेळा ते निव्वळ अवघडलेपण असतं.

‘झीज’ या शब्दाने तुम्ही घाबरला आहात. चाळिशीत मणक्याच्या चकत्या थोड्या सुकलेल्या दिसणं हे केस पांढरे होण्याइतकंच नेहमीचं आहे. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय तपासले, तेव्हा पन्नाशीतल्या दहांपैकी साधारण आठ जणांत असे बदल सापडले. त्यामुळे एक्स-रेमधली झीज आणि चार वाजताचा ठणका यांचं नातं धरूनच चालू नका. झीज झालीये म्हणून जपायचं, जपायचं म्हणून हलायचं नाही, आणि हललं नाही म्हणून आणखी आखडायचं, या फेऱ्यात पुष्कळ माणसं अडकतात.

‘ताठ बसा’ हा सल्लाही तुम्हाला पुष्कळांनी दिला असेल. दिवसभर ताठ बसणं हीसुद्धा एकाच जागी गोठण्याचीच तऱ्हा आहे. जुन्या पेढ्यांवर गादीवर बसून कीर्द लिहिणारे दिवाणजी कधी मांडी घालत, कधी एक गुडघा वर घेत, कधी तक्क्याला रेलत. त्यांच्याही पाठी दुखत असतील, पण बैठक घडीघडीला मोडायची. तुम्हीही खुशाल रेलून बसा, थोड्या वेळाने पुढे सरका, मग उभ्या राहा. एका बैठकीत अर्ध्या तासावर राहायचं नाही, एवढं पाळा.

आता टेबलाकडे वळू. तुमच्या पत्रातल्या तीन गोष्टी मला अगदी स्पष्ट दिसतात आणि त्या या आठवड्यात, फार खर्च न करता दुरुस्त होतील.

पहिलं, त्या खतावण्या आजच काढा. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी हा नियम बरोबर आहे, पण तो साध्या भिंगाच्या चष्म्यासाठी. दुहेरी भिंगात जवळचं दिसायचा भाग खाली असतो. स्क्रीन वर गेली की त्या खालच्या भागातून बघायला तुम्ही नकळत हनुवटी वर उचलता आणि मान मागे मोडून धरता. आरशासमोर बसून एकदा करून बघा, लगेच दिसेल. तुमच्यासाठी स्क्रीन टेबलाला टेकलेली, वरची कड डोळ्यांच्या चार-पाच बोटं खाली आणि स्क्रीन थोडी मागे कललेली हवी. अंतर एक हातभर. दिवसाचे सात-आठ तास स्क्रीनपुढे जात असतील, तर फक्त संगणकासाठी एकाच भिंगाचा वेगळा चष्मा करून घेणं फार उपयोगी पडतं. डोळे तपासायला जाताना नाकापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर इंची टेपने मोजून लिहून न्या, कारण नंबर त्या अंतरावर ठरतो. ते सांगितलं नाही, तर चष्मा पुस्तक वाचण्याच्या अंतराचा मिळतो आणि तुम्ही पुन्हा पुढे वाकता.

दुसरं, उजवा खांदा. कीबोर्ड खाली फळीवर आणि माऊस वर टेबलावर, म्हणजे माऊसला हात लावताना दर वेळी खांदा उचलून हात पुढे न्यावा लागतो. टेबलाची उंची साधारण ३० इंच असते. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर नेहमीच्या खुर्चीत जमिनीपासून २६-२७ इंचांवर येतं. त्या तीन-चार इंचांचा भार दिवसभर खांद्यावर. माऊस आणि कीबोर्ड एकाच उंचीवर, एकमेकांना लागून आले की हे थांबतं. बऱ्याच टेबलांची सरकती फळी फक्त कीबोर्डपुरती असते. सुताराकडून २८ इंच रुंदीची प्लायची फळी बसवून घेतली की दोन्ही तिच्यावर मावतात. आकडे टाकायला उजवीकडची अंकांची बटणं तुम्हाला लागणारच, त्यामुळे ती नसलेला लहान कीबोर्ड तुमच्या कामाचा नाही. माऊस डाव्या हाताला घेता आला तर उत्तम. आठवडाभर चिडचिड होईल, मग सवय होते. फळी बदलणं शक्यच नसेल, तर कीबोर्ड वर टेबलावर घ्या, खुर्ची कोपर टेबलाच्या पातळीला येईपर्यंत उंच करा, आणि पाय लोंबकळतील म्हणून पायाखाली पाच इंचांचा आधार द्या. घरातले जुने पाट एकावर एक ठेवले तरी चालतं, फक्त ते घसरायला नकोत. पाय लोंबकळत ठेवून बसलात तर खुर्चीची कड मांडीखाली रुतते आणि पायाला मुंग्या येतात.

तिसरं, व्हाउचर. ती तुम्ही नक्कीच टेबलावर सपाट ठेवत असाल. प्रत्येक व्हाउचरला मान खाली आणि एका बाजूला, मग पुन्हा वर. परीक्षेला नेतात तसलं क्लिपचं पॅड स्क्रीनला लागून उभं करा आणि त्यात गठ्ठा अडकवा. नजर फिरेल, मान फिरणार नाही. खातेदाराशी बोलताना कंबर पिळून वळण्याऐवजी पायांनी खुर्चीच वळवा.

कमरेच्या पोकळीत, पट्टा बांधतो त्याच्या किंचित वर, मनगटाएवढ्या जाडीची टॉवेलची गुंडाळी ठेवा. जाड उशी ठेवली तर ती उलट पुढे ढकलते. आणि आधी पार्श्वभाग खुर्चीच्या पाठीला भिडेपर्यंत मागे सरकून बसा, नाहीतर गुंडाळी चुकीच्या जागी येते.

हे सगळं करूनही चार तास हलला नाहीत, तर दुखेलच. म्हणून आता उठण्याबद्दल.

दर अर्ध्या तासाने एक ते दोन मिनिटं उठायचं, एवढंच ध्येय ठेवा. मोबाईलवर गजर लावायचा सल्ला सगळे देतात. माझं मत असं की काउंटरवर गजर आठवडाभर चालतो. समोर खातेदार असताना तो वाजला की तुम्ही बंद करता, आणि मग तो बंदच राहतो. गजरापेक्षा टिकतं ते कामातच उठणं पेरून ठेवणं. तुमचा पासबुक प्रिंटर बहुधा हात लांबवला की पोहोचेल असा असेल. तो मागच्या टेबलावर, चार पावलांवर न्या. प्रत्येक पासबुकाला तुम्ही उठाल, आणि कुणी म्हणणार नाही की ताई जागेवर नाहीत. नोटा मोजायचं यंत्र उभ्याने हात सहज पोहोचेल अशा कपाटावर किंवा तिजोरीशेजारी ठेवा आणि रोख उभ्यानेच मोजा. पिग्मी एजंट संध्याकाळी येतात तो तास तुमच्या दुखण्याचाही तास आहे. तो भरणा काउंटरच्या उंच कडेशी उभ्याने घ्या. फोन आला की उभं राहायचं, हा एक नियमच करून टाका. सहकाऱ्याला हाक मारण्याऐवजी त्याच्या टेबलाशी जा. सर्व्हर अडकला की सगळे स्क्रीनकडे बघत बसतात, ती मिनिटं तुमची हक्काची.

पाण्याची दोन लिटरची बाटली टेबलावर ठेवू नका. अर्धा लिटरची ठेवा, म्हणजे भरायला उठावं लागेल. इथे एक गोष्ट मोकळेपणाने विचारते: कार्यालयातलं स्वच्छतागृह बरं नाही म्हणून पाणी कमी पिता का? अनेक बायका तेच करतात. त्यातून लघवीचा संसर्ग होतो, डोकं दुखतं, आणि उठण्याचं एक नैसर्गिक कारणही नाहीसं होतं. स्वच्छतागृहाची मागणी खुर्चीच्या मागणीपेक्षा आधी करा, आणि कार्यालयातल्या सगळ्या बायकांनी मिळून करा.

जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असेल, तर डबा वीस मिनिटांत संपतो. उरलेल्या दहा मिनिटांत मोबाईल न बघता शतपावली करा. जेवणानंतर थोडं चालल्याने रक्तातली साखर एकदम चढत नाही, हे आता चांगलं सिद्ध झालंय. दुपारची पेंगही कमी होते. एप्रिल-मेच्या उन्हात रस्त्यावर जाऊ नका, जिन्यात आणि व्हरांड्यात होईल तेवढी करा.

उठलात की काय करायचं? नुसतं चाललं तरी पुरे. पण तुमच्या तक्रारी पाहता चार हालचाली नेमक्या लागू पडतील. उभं राहून पाय खांद्याइतके फाका, तळवे कमरेच्या मागे ठेवा, बोटं खाली, गुडघे सरळ, आणि कंबर हळूच मागे न्या. दोन सेकंद थांबा, परत या. असं पाच वेळा. मान मागे टाकून छताकडे बघायचं नाही, वाकायचं कमरेतून. हे करताना कमरेतली कळ पायाकडे उतरायला लागली तर लगेच थांबा. ती कळ पायातून वर कमरेकडे गोळा होत असेल तर हालचाल तुम्हाला मानवतेय.

दुसरी हालचाल मानेची. समोर बघा आणि हनुवटी खाली न घालता, ड्रॉवर आत ढकलावा तशी सरळ मागे न्या. गळ्याला दुहेरी हनुवटी पडली म्हणजे बरोबर जमलं. पाच सेकंद धरा, आठ-दहा वेळा करा. लोक इथे नेमके चुकतात. मान गोल गोल फिरवतात किंवा हाताने झटका देऊन कट्‌कन वाजवतात. वाजवल्यावर क्षणभर बरं वाटतं, पण झटक्यापासून लांबच राहा.

तिसरी, खांद्याची पाती मागे एकमेकींकडे ओढून पाच सेकंद, दहा वेळा. खांदे कानाकडे वर जाऊ देऊ नका, श्वास कोंडू नका. आणि चौथी सगळ्यात महत्त्वाची: हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं आणि हळूहळू परत बसायचं, दहा वेळा. मांड्या आणि पार्श्वभागाचे जे मोठे स्नायू दिवसभर झोपलेले असतात, ते यातून जागे होतात. दिवसातून दोनदा, जेवणाआधी आणि पाच वाजता. चाकांची खुर्ची भिंतीला टेकवून घ्या, नाहीतर ती मागे पळते. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.

डोळ्यांसाठी वीस मिनिटांनी एकदा वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघा. दारातून दिसणारी रस्त्यावरची पाटी चालेल. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात आणि मग माणूस अक्षरं दिसावीत म्हणून मान पुढे घालतो. अक्षरांचा आकारही मोठा करून घ्या.

आठवड्यातून दोन दिवस चालणं वीस मिनिटांनी कमी करून तो वेळ ताकदीला द्या. सेतुबंधासन, भुजंगासन, भिंतीला हात टेकून दंड, आणि गुडघे-हातांवर येऊन उजवा हात डावा पाय, डावा हात उजवा पाय लांब करणं. सूर्यनमस्कार घालत असाल तर फारच छान. शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ते शाळाशाळांत नेले, ती आपल्याच भागाची ठेव आहे. फक्त कंबर दुखत असेपर्यंत उठल्या उठल्या घालू नका. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. पहिला अर्धा-पाऊण तास खोल पुढे वाकलं की त्यांच्यावर जास्त ताण येतो. आधी चालून या, मग नमस्कार. पहाटे वाकून केर काढणं आणि पाण्याची बादली उचलणंही तेवढा वेळ पुढे ढकला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या.

आता मॅनेजरसाहेब. ‘दुखतं म्हणून उठते’ असं सांगाल तर ते तुमच्या तब्येतीचं बोलणं होईल आणि तिथेच संपेल. कामाच्या भाषेत मांडा. असं काहीसं: ‘साहेब, संध्याकाळी तेरीज (दिवसाच्या जमाखर्चाचा ताळा) लागत नाही तेव्हा चूक बहुतेक चारनंतरच्या नोंदीत सापडते. प्रिंटर मागच्या टेबलावर हलवला आणि तासाला दोनदा दोन-दोन मिनिटं शेजारच्या टेबलाने काउंटर बघितला, तर माझं काम जास्त अचूक होईल. महिनाभर करून बघू, जमलं नाही तर पूर्ववत करू.’ हे म्हणायच्या आधी पंधरा दिवस खोडलेल्या नोंदी कोणत्या वेळच्या आहेत ते लिहून ठेवा. चारनंतरच्या जास्त निघाल्या तरच हे वाक्य वापरा, नाहीतर ते सोडून बाकीची विनंती तशीच करा. अर्ध्या तासाला दीड मिनिट धरलं तरी आठ तासांत २४ मिनिटं होतात, आणि त्यातली निम्मी तर पासबुक आणि रोखीच्या कामातच जातात. मार्च एंडला हे सगळं मोडेल. मोडू द्या, पण त्या आठवड्यात उभ्याने फोन आणि शतपावली एवढं तरी धरून ठेवा.

दिवसभर उभं राहून काम करायचं टेबल घेण्याचा विचार कुणी सुचवला तर सोडून द्या. दिवसभर उभं राहण्याने पोटऱ्या, टाचा आणि पायांच्या शिरा कुरकुरायला लागतात.

पट्ट्याचं म्हणाल तर तो गहू-तांदळाचं पोतं हलवायचं असेल त्या दिवशी, तासाभरापुरता लावा. महिनोन्‌महिने दिवसभर लावल्याने फायदा होत नाही, आणि पट्टा नसला की भीती मात्र वाटायला लागते. एकदम काढवत नसेल तर आठवडाभर सकाळी काढा, पुढच्या आठवड्यात दुपारीही. दुखण्याच्या गोळ्यांबाबत मात्र ढिलाई नको. आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षभर, कुणाला न विचारता घेतलेल्या या गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधू शकतात, रक्तदाब वाढवू शकतात. कोणती गोळी, किती वेळा, हे तुमच्या डॉक्टरांना आता सांगाच. संध्याकाळी पंधरा मिनिटं गरम पाण्याची पिशवी आणि नंतर हळू हालचाल यावर निभावतंय का बघा. अंग सगळीकडेच दुखत असेल, थकवा फार असेल, तर थायरॉईड, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ तपासायचं का, हेही विचारा.

काही लक्षणं असली तर मात्र यातलं काहीही करत बसू नका, दवाखान्यात जा. पायातली ताकद कमी होणं, पाऊल लटकणं, हातातून वस्तू निसटणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं किंवा जांघेत बधिरपणा, कमरेच्या दुखण्यासोबत ताप, रात्री झोपेतून उठवणारं आणि कूस बदलूनही न थांबणारं दुखणं, विनाकारण वजन घटणं. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर त्याच दिवशी. छातीत दाटून डावा हात, जबडा दुखायला लागला आणि घाम फुटला, तर तो मानेचा त्रास समजून झोपून राहू नका. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, तर मनगटातली नस दबलेली असू शकते. त्याचं निदान वेगळं आणि उपायही वेगळे.

नोकरी सोडण्याबद्दल मी थोडक्यात लिहिते. सासूबाईंना तुमची काळजी आहे, पण १६ वर्षांची नोकरी एका सरकत्या फळीसाठी आणि न उठण्यासाठी सोडायची नसते. त्यांना सांगा की संध्याकाळी घरी आल्यावर लगेच ओट्याशी उभं न राहता मला पंधरा मिनिटं जमिनीवर पाय खुर्चीवर ठेवून पडू द्या. नोकरी सोडण्यापेक्षा या पंधरा मिनिटांची मदत मोठी आहे.

राहिली खुर्ची. सहा आठवडे थांबा. तोवर वर सांगितलेलं करा, रोज रात्री मान आणि कंबर किती दुखली याला शून्य ते दहा गुण द्या, कॅलेंडरवर लिहा. निम्म्यावर आलं तर खुर्चीची गरज उरणार नाही. फरकच पडला नाही, तर ते कॅलेंडर घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा, त्यांना नुसत्या ‘दुखतं’पेक्षा त्यातून खूप कळतं. सध्याची खुर्ची बसल्यावर हळूहळू खाली जात असेल, तर फक्त तिचा गॅसचा दांडा बदलून मिळतो, त्याला नव्या खुर्चीच्या मानाने फार थोडे पैसे पडतात. तो खर्च संस्थेने करावा हे मागणं अगदी रास्त आहे.

आणि घ्यायचीच ठरली, तर किंमत बघून घेऊ नका. बऱ्याच महागड्या खुर्च्यांची बैठक १८ ते २० इंच खोल असते. पाच फूट उंचीला ती मोठी पडते, आपली पाठ खुर्चीच्या पाठीला टेकली की कड गुडघ्यामागे रुतते, म्हणून माणूस पुढे सरकून बसतो आणि पाठीचा आधार नुसता शोभेला राहतो. तुम्हाला बैठक १६ इंचांच्या आसपास हवी, म्हणजे मागे टेकून बसल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटं सुटतील. हात टेकायचे दांडे टेबलाला अडत नाहीत ना, आणि सगळ्यात खाली केल्यावर पाय टेकतात ना, ते दुकानातच बघा. इंची टेप घेऊन जा आणि निदान वीस मिनिटं तरी त्या खुर्चीत बसून बघा.